अम्मीची माती

अब्बा २०१५ मध्ये गेले तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून होते. जे काही करायचं ते मोठ्यांनी केलं. २०२५ च्या जानेवारीत अम्मी गेली तेव्हा घरातली मोठी मीच होते आणि मला काही येत नव्हतं. लहानपणी मक्तबमध्ये, म्हणजे मशिदीच्या शाळेत, कलमे पाठ केले होते, नमाज येत होती, रोजे कधी चुकवले नव्हते. पण मय्यत झाल्यावर पहिल्या तासात काय करायचं, कोणता कागद आधी लागतो, अंघोळीचं पाणी कसं करायचं, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तशाच एखाद्या पहाटे कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून हे लिहून ठेवते आहे. आम्ही हनफी पंथाचे आहोत. इतर मसलकांत बारीकसारीक फरक असतात, ते आपापल्या मौलानांना विचारावेत.

आम्ही पुण्यात राहतो, मूळ गाव सातारकडचं. तिकडे हिंदू असो की मुसलमान, कुणी गेलं की सगळे 'मातीला जाऊन आलो' असंच म्हणतात. हिंदू घरी चिता पेटते तरी शब्द मातीचाच. आमच्याकडे तो शब्दशः खरा आहे, एवढंच.

अम्मी ६८ वर्षांची. दोन वर्षं डायलिसिसवर होती, आठवड्यातून दोनदा. १९ जानेवारीच्या रात्री, रविवारी, तिने डोळे मिटले ते नीट उघडलेच नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आता दवाखान्यात हलवून त्रास वाढेल, उपयोग होणार नाही. माझी खाला, म्हणजे मावशी, रात्रभर तिच्या उशाशी बसून हळू आवाजात कलमा म्हणत होती, "ला इलाह इल्लल्लाह." मी अम्मीला हलवून म्हणाले, "अम्मी, तू पण म्हण ना." खालाने माझा हात धरला. "तिला सांगायचं नाही गं. आपण म्हणायचं, तिच्या कानावर पडू द्यायचं. जिवाच्या त्या ओढीत माणूस चुकून नको म्हणाला तर?" याला तल्कीन म्हणतात हे मला नंतर कळलं. अल्लाहशिवाय कुणी इबादतीच्या लायक नाही आणि मुहंमद हे त्याचे रसूल, म्हणजे प्रेषित, आहेत, या एका वाक्यावर आमचा सगळा दीन, म्हणजे धर्म, उभा आहे. बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात, त्यात हेच शब्द असतात. जातानाही कानात तेच पडावेत, अशी इच्छा असते.

पहाटे पावणेचारला श्वास थांबला. "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन." आम्ही अल्लाहचेच आणि त्याच्याकडेच परतणार. खालाने डोळे मिटवले, ओढणीची पट्टी फाडून हनुवटीखालून डोक्यावर बांधली म्हणजे तोंड उघडं राहत नाही, पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधले, हातपाय सरळ केले. हे लगेचच करावं लागतं, नंतर शरीर ताठ होतं. मी यासीन वाचायला कुराण घेऊन बसले तर खालाने मला शेजारच्या खोलीत पाठवलं. गुस्ल, म्हणजे मय्यतीची अंघोळ, होईपर्यंत मय्यतीच्या अगदी जवळ बसून वाचत नाहीत.

घरी मृत्यू झाला की पहिली धावपळ डॉक्टरांच्या दाखल्याची. आमचे नेहमीचे डॉक्टर सव्वापाचला आले. अम्मीची फाइल त्यांना पाठ होती, म्हणून त्यांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच लिहून दिला. घरच्या मृत्यूसाठी तो 'नमुना ४ अ' असतो, दवाखान्यातल्यासाठी 'नमुना ४'. ओळखीचे डॉक्टर नसतील तर इथेच तास जातात. घरात कुणी खूप आजारी असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, रात्री-अपरात्री याल का म्हणून. विचारायला जीव धजत नाही, पण विचारा. तो दाखला, अम्मीचं आधारकार्ड आणि स्वतःचं आधारकार्ड घेऊन भाऊ महापालिकेच्या दवाखान्यात दफनाचा पास काढायला गेला. झेरॉक्सचं एकही दुकान उघडं नव्हतं. तासभर त्यातच गेला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या तीन-तीन झेरॉक्स मी कपाटात पाकिटात ठेवल्या आहेत.

पास हातात आल्यावरच कब्रस्तानवाले खड्डा खणायला घेतात. मशिदीतून फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, एलान झालं, जनाजा जुहरनंतर, दुपारच्या नमाजनंतर ठरला. सोलापूरची बहीण साडेअकरापर्यंत पोचेल असा हिशेब केला. तिच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं असं मला वाटत होतं, पण मय्यत रखडवू नये असं सगळ्यांचं पडलं. तीच फोनवर म्हणाली, "आपा, थांबू नका. मी पोचते." ती अकरा वाजून वीस मिनिटांनी दारात आली.

आता गुस्लबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

बाईला बायकांनीच अंघोळ घालायची असते. आमच्या भागात दोन-तीन वयस्क बाया हे काम करतात. पैसे घेत नाहीत, विचारलं तरी रागावतात. त्यातल्या एक आपा साडेदहाला आल्या, पिशवीत हातमोजे, कापूर, कापूस. मला म्हणाल्या, "लेकीनं हात लावला तर बरं. पण जमत नसेल तर बळजबरी नाही." मी जमेल म्हणाले तेव्हा माझे पाय थरथरत होते.

मशिदीतून आणलेला गुस्लचा तख्त मागच्या खोलीत लावला. बोरीची पानं टाकून पाणी गरम केलं. आपल्याला सोसेल एवढंच गरम, त्याहून जास्त नाही. आपांनी अम्मीवर चादर घातली आणि तिच्याखालूनच कपडे कापून काढले. बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग शेवटपर्यंत झाकलेलाच राहिला, धुतानाही हात चादरीखालूनच. तिच्या नाकातली चमकी मी काढली. तीस वर्षांत ती मी तिला काढताना पाहिली नव्हती. मग वुजू, नमाजआधी हात-तोंड-पाय धुतात तो. जिवंत माणसासारखाच, फक्त नाकातोंडात पाणी घालत नाहीत, ओल्या कापसाने दात आणि नाकपुड्या पुसतात. तिच्या हाताला डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाची गाठ होती. आयुष्याची शेवटची दोन वर्षं ती त्या हाताला जपत होती, कुणाला धरू देत नव्हती. तो हात मी धुतला. आधी सगळी उजवी बाजू, मग डावी. पाणी तीनदा. विषम आकडा ठेवायचा आणि शेवटच्या पाण्यात कापूर. अधेमधे आपा एवढंच म्हणायच्या, "आहिस्ता, बेटी. तिला लागतंय असंच समजून."

आणखी एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. मय्यतीच्या अंगावर काहीही दिसलं, डाग, जखम, तरी ते खोलीबाहेर बोलायचं नाही. म्हणून मीही इथे त्यापेक्षा जास्त लिहीत नाही.

बाईच्या कफनात पाच कपडे असतात, पुरुषाच्या तीन. लिफाफा म्हणजे सगळ्यात बाहेरची चादर, इजार, कमीस, ओढणी आणि सीनाबंद. सगळं पांढरं, न शिवलेलं. दुकानात 'बायकांचं कफन' एवढंच सांगायचं, मापाने फाडून देतात. सोबत कापूर, अत्तर, कापूस, साबण मिळून १,८५० रुपये झाले. केस विंचरले नाहीत, दोन भाग करून छातीवर घेतले. मग कापूर. आपांनी माझ्या बोटावर कापराची पूड दिली आणि म्हणाल्या, "सजद्याच्या जागी लाव." कपाळ, नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे, दोन्ही पाय. नमाजमध्ये जमिनीला टेकणारे अवयव. दिवसातून पाच वेळा, समज आल्यापासून. शेवटच्या वर्षी तिला खाली बसता येत नव्हतं, ती खुर्चीवर बसून मान झुकवायची आणि दर वेळी हळहळायची की डोकं जमिनीला लागत नाही. तिच्या कपाळाला कापूर लावताना मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. रडायला मनाई नाही. हंबरडा फोडून छाती बडवण्याला आहे.

बहीण आली, तिने चेहरा पाहिला, आम्ही लिफाफा बांधला. नंतर मी अंघोळ केली. गुस्ल देणारीने करावी असं सांगतात.

पुढचं मला भावाने सांगितलं, कारण आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्या दिवशी मला ते जड गेलं. दाराशी उभी राहून मी मय्यत नेणारा डोला वळणाआड जाईपर्यंत बघत होते. जनाज्याच्या नमाजला अजान नसते. रुकू म्हणजे कमरेत वाकणं नाही, सजदा नाही. सगळी उभ्यानेच, चार तकबिरी, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर': पहिलीनंतर अल्लाहची स्तुती, दुसरीनंतर पैगंबरांवर दुरूद, तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ, चौथीनंतर सलाम. पाच मिनिटंही लागत नाहीत. ती फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे वस्तीतल्या काहींनी पढली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच पढली नाही तर सगळेच गुन्हेगार. नमाजच्या आधी इमामसाहेबांनी भावाला पुढे बोलावलं. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या आईकडे कुणाचं काही देणं असेल तर मला येऊन सांगा, मी देईन. नाहीतर माफ करा." आमच्यात कर्जाला इतकं महत्त्व आहे की पैगंबरसाहेब कर्जदाराची जनाज्याची नमाज पढायला थांबत असत, कुणीतरी देणं स्वतःवर घेईपर्यंत.

कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, आणि देह उजव्या कुशीवर किंचित कलवलेला, म्हणजे चेहरा पश्चिमेला, किब्ल्याकडे. पुण्यातून मक्का पश्चिमेलाच, जराशी उत्तरेकडे. शेजारच्या काकू मला लहानपणी ओरडायच्या, उत्तरेला डोकं करून झोपू नकोस म्हणून. त्याची आठवण झाली. बाईला कबरीत उतरवताना वर चादर धरतात, आणि उतरवणारे जवळचेच. भाऊ आणि मामा खाली उतरले. फळ्या लावल्या, मग प्रत्येकाने तीन मुठी माती. पहिल्या मुठीला म्हणतात, याच मातीतून आम्ही तुम्हाला घडवलं. दुसरीला, यातच परत पाठवू. तिसरीला, यातूनच पुन्हा एकदा बाहेर काढू. कुराणातली आयत आहे, सूरा ताहामधली. खणणावळ, फळ्या आणि गाडी मिळून ६,२०० रुपये झाले, पावतीसकट. पावती जपून ठेवा, मृत्यूच्या नोंदीला दफनाची तारीख आणि जागा लागते.

घरी तीन दिवस चूल पेटवली नाही. शेजाऱ्यांनी जेवण आणायचं ही आमच्याकडे सुन्नत, पैगंबरांची रीत आहे. पहिल्या रात्रीची खिचडी-कढी समोरच्या त्याच काकूंनी आणली. तीस वर्षांचा शेजार, पण त्यांनीही काही गोष्टी पहिल्यांदाच विचारल्या. सुतक किती दिवस? सुतक नसतं, सांगितलं. शोक तीन दिवस, फक्त नवऱ्यामागे बायकोने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची. अम्मीने अब्बांमागे पाळली होती. दहावं, तेरावं? तेही नाही. मग आत्मा कुठे जातो? मी क्षणभर थांबले, आणि मग मक्तबात पाठ केलेलं ईमान-ए-मुफस्सलच मराठीत सांगायला लागले. आम्ही अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, किताबांवर, रसूलांवर, कयामतच्या दिवसावर, बरंवाईट नशीब त्याच्याकडूनच येतं यावर आणि मेल्यानंतर पुन्हा उठण्यावर विश्वास ठेवतो. पुनर्जन्म नाही. माणूस एकदाच येतो. कबरीत फरिश्ते तीन प्रश्न विचारतात, तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुझा नबी कोण. मग कयामतपर्यंत वाट पाहणं. काकू म्हणाल्या, "म्हणजे आत्ता परीक्षा चालू असेल तिची." मी म्हणाले, हो. त्या हात जोडून बसून राहिल्या, आणि मी माझी दुआ केली.

तिसऱ्या दिवशी नातेवाइकांनी मिळून कुराणाचे तीसही सिपारे वाचले. चाळिसाव्यावरून मात्र वाद झाला. खालाला जेवण घालायचं होतं, भाऊ म्हणाला दीनमध्ये असं काही नाही. माझं मत भावाकडे झुकतं: पन्नास माणसांच्या बिर्याणीपेक्षा तो पैसा गरजवंताला गेलेला बरा. पण खालाचं मन मोडवलं नाही, तिने आपल्या घरी दहा जणांना बोलावलं, आम्ही सगळे गेलो.

मग कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली की विलंब शुल्क नाही, आणि कळवणाऱ्याला पहिली प्रत मोफत मिळते. आम्ही २७ जानेवारीला अर्ज पूर्ण केला, ६ फेब्रुवारीला दाखला मिळाला. मी जादा पाच प्रती काढल्या, पाचही लागल्या. दाखल्यावरचं प्रत्येक अक्षर खिडकीपाशीच वाचा. चूक तेव्हाच सांगितली तर सुधारते, नंतर पुरावे जोडत बसावं लागतं.

बँकेत अम्मीचे १,८६,४०० रुपये होते. नॉमिनी अब्बा, दहा वर्षांपूर्वी गेलेले. बदलायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. शिवाय आधारवर नावापुढे 'बेगम', पासबुकात 'बी', रेशनकार्डावर दोन्ही नाही. १२ फेब्रुवारीला दिलेला अर्ज त्यामुळे परत आला. तीनही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आम्हा तिघांचं वारस म्हणून हमीपत्र, दोघी बहिणींची संमती, नोटरीसह खर्च १,४०० रुपये. २४ फेब्रुवारीला पुन्हा अर्ज, २० मार्चला भावाच्या खात्यात पैसे. आज घरी जाऊन आईवडिलांच्या पासबुकातलं नॉमिनीचं नाव बघा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे वारसांपर्यंत पोचवणारा, हेही लक्षात असू द्या.

वाटणीचा क्रम शरियतमध्ये ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरलेलं वारसांना. दफनाचा खर्च भावाने स्वतः केला, तो धरू नका म्हणाला. कर्ज निघालं भिशीचं. अम्मीने आपली भिशी आधीच उचलली होती, सात हप्ते राहिले होते, १४,०००. जनाज्यातलं भावाचं बोलणं नवऱ्याकडून ऐकून भिशीवाल्या बाई संकोचत आल्या होत्या. किराणावाल्याचे ६४०. उरले १,७१,७६०. अम्मीने तोंडी सांगितलं होतं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला ४०,००० द्यायचे. वसियत एक तृतीयांशापर्यंतच करता येते, आणि वारसाच्या नावे करता येत नाही, इतर वारस राजी असल्याशिवाय. एक तृतीयांश ५७,००० च्या वर होतं, म्हणजे बसलं. राहिले १,३१,७६०. मुलाला दोन हिस्से, मुलींना एकेक. भावाला ६५,८८०, आम्हा दोघींना ३२,९४० प्रत्येकी. हा नियम ऐकून काकूंच्या सुनेने मला स्पष्टच विचारलं, तुला चालतं हे? घरखर्चाची, बायकोमुलांची, म्हाताऱ्या आईची जबाबदारी दीनने पुरुषावर टाकली आहे, बाईच्या पैशावर कुणाचा हक्क नाही, म्हणून हिस्सा असा, हे मला पटतं. पण अम्मीची डायलिसिसची खेप एक आठवडा भाऊ न्यायचा आणि एक आठवडा मी, हेही खरं. भावाने स्वतःहून अम्मीच्या सोन्याच्या पाटल्यांतला आपला हिस्सा आम्हा दोघींना दिला. मी तो घेतला.

रमजानचा पहिला रोजा २ मार्चला होता. अम्मीचे आजारपणातले दोन रमजानचे रोजे राहिले होते, २०२३ चे २९ आणि २०२४ चे ३०. आजार बरा होण्यातला नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाचं दोन वेळचं जेवण किंवा फित्र्याइतका, म्हणजे ईदआधी माणशी द्यायच्या दानाइतका, गहू देता येतो, त्याला फिदया म्हणतात. आमच्याकडे तो १ किलो ६३३ ग्रॅम धरतात. ५९ रोज्यांचा ९६ किलोंहून थोडा जास्त, आम्ही १०० किलो गहू घेतला, ३६ रुपयांनी ३,६००. तिघांनी मिळून.

जकात काढायला तिची वही उघडली. वर्षभर निसाबाइतकी मालमत्ता ज्याच्याजवळ राहते, सोनं ८७.४८ ग्रॅम किंवा चांदी ६१२.३६ ग्रॅम किंवा तेवढी किंमत, त्याने अडीच टक्के गरिबांना द्यायचेच. दान नव्हे, त्यांचा हक्क. अम्मी चौथी शिकलेली, मराठी शाळेत. वहीत रकमा होत्या, पण एकही नाव नव्हतं. 'शिवणवाली'. 'चौथा मजला'. 'निळं दार'. घेणाऱ्याचं नाव कुणाला कळू नये म्हणून. मी ठरवलं, यंदा माझी जकात तिच्याच यादीने द्यायची. शिवणवाली सापडली, चौथा मजला सापडला. निळं दार सापडेना.

काकूंना वाटत होतं की वर्षाच्या आत आम्ही ईद करणार नाही. त्यांच्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण नसतो. मी सांगितलं, करणार, तीन दिवसांच्या पलीकडे शोक धरून सण मोडायचा नसतो. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. ३० मार्चला पाडवा आला. एकोणतिसावा रोजा सोडायच्या वेळी त्या पुरणपोळ्या आणि साखरगाठ घेऊन आल्या, म्हणाल्या, "अम्मीला आवडायच्या म्हणून जास्त केल्या." खजुराने रोजा सोडला, मग पोळी. मगरिबच्या नमाजनंतर चंद्र दिसल्याची बातमी आली. फित्रा ईदच्या नमाजच्या आधी माणशी मोजून द्यायचा असतो. दरवर्षी आमचा पाच जणांचा असायचा, यंदा भावाने चौघांचे पैसे वेगळे काढले आणि पाकीट माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

फित्रा देऊन परतताना मशिदीमागच्या बोळात एका दारापाशी थांबले. दार हिरवं होतं, नवं रंगवलेलं. बिजागरीपाशी मात्र जुना रंग राहून गेला होता, निळा. मी कडी वाजवली. साठीच्या एक बाई बाहेर आल्या. माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या, मग माझ्यामागे बोळात नजर टाकून म्हणाल्या, "अम्मी मागनं येतायत का?"

मी चप्पल काढून आत गेले.